व्हाँतूच्या पांढऱ्या उतारावर

फ्रान्सच्या दक्षिणेस, आव्हिन्यों या तटबंदीच्या जुन्या शहराच्या ईशान्येला, व्हाँतू नावाचा एक एकाकी पर्वत उभा आहे. आसपास त्याच्या तोडीचे दुसरे शिखर नाही. त्यामुळे उंची 1,900 मीटरपेक्षा थोडीच अधिक असूनही तो प्रत्यक्षाहून मोठा भासतो. आपल्या कळसूबाईपेक्षा तो सुमारे अडीचशे मीटरने उंच आहे. ऐन उन्हाळ्यातही त्याचा माथा पांढराशुभ्र दिसतो. प्रथम पाहणाऱ्यास ते बर्फ वाटते. वास्तविक तो चुनखडीचा उघडा दगड आहे. जहाजबांधणीच्या लाकडासाठी शतकानुशतके येथील झाडे तोडली गेली. एकोणिसाव्या शतकात पुन्हा लागवड झाली आणि खालचे उतार हिरवे झाले. माथा मात्र बोडकाच राहिला.

या पर्वताची कीर्ती जुनी आहे. इटालियन कवी पेत्रार्क 1336 साली येथे चढून गेला होता. युनेस्कोने 1990 मध्ये या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. परंतु जगभरातून येथे येणारे बहुसंख्य लोक येतात ते सायकल शर्यतीसाठी. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत 1951 साली प्रथम या पर्वतावरून गेली आणि तेव्हापासून व्हाँतू हे सायकलप्रेमींचे तीर्थक्षेत्र झाले. गेली कित्येक वर्षे जुलै महिन्यात, दवाखाना बंद करून घरी आल्यावर, रात्री नऊच्या सुमारास मी दूरचित्रवाणीवर या शर्यतीचा शेवट पाहत आलो आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात फ्रान्सला जाण्याचा योग आला, तेव्हा पॅरिसमधील चार दिवसांपैकी एक कमी करून आम्ही व्हाँतू गाठला. सोबत पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे होते. सासऱ्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो.

बेद्वाँपासून वर

पॅरिसहून वेगवान रेल्वेने आव्हिन्यों पावणेतीन तासांच्या आतबाहेर येते. तेथून भाड्याच्या मोटारीने कारपांत्रा आणि मग बेद्वाँ. बेद्वाँ हे पायथ्याचे गाव द्राक्षमळ्यांनी वेढलेले आहे. येथून माथ्यापर्यंतचा रस्ता सुमारे एकवीस किलोमीटरचा असून तेवढ्या अंतरात तो जवळजवळ सोळाशे मीटर चढतो. पहिले काही किलोमीटर सौम्य आहेत. नंतर रस्ता जंगलात शिरतो आणि तेथे चढ एकाएकी तीव्र होतो. दुतर्फा ओक, बीच आणि देवदाराची झाडे. वारा जवळपास नाहीच. आमची मोटार दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत होती आणि तिच्या बाजूने पन्नाशी-साठीचे स्त्रीपुरुष घामाघूम होऊन, पण शांतपणे, पायडल मारीत वर जात होते. अप्पांनी खिडकीची काच खाली करून त्यांतील एका वृद्ध गृहस्थांना नमस्कार केला. त्यांनी हँडलवरून दोन बोटे उचलून तो स्वीकारला.

माथ्याच्या सहा किलोमीटर अलीकडे शाले रेनार नावाचे ठिकाण आहे. येथे जंगल संपते. पुढे केवळ पांढरा दगड, निळे आकाश आणि वर दिसणारा मनोरा. सावलीचा ठिपका नाही. ऊन डोक्यावरून पडते आणि दगडावरून परावर्तित होऊन खालूनही भाजते. माथा जवळ दिसतो, पण वळणे संपत नाहीत. याच टापूत, शिखराच्या साधारण दीड किलोमीटर अलीकडे, रस्त्याच्या उजव्या हाताला काही पायऱ्यांवर एक करडा शिलालेख उभा आहे. त्यावर वाकून सायकल चालवणाऱ्या स्वाराची आकृती कोरली आहे. हे टॉम सिम्प्सन या इंग्रज सायकलपटूचे स्मारक.

13 जुलै 1967

सिम्प्सन इंग्लंडच्या खाणकामगार कुटुंबातील मुलगा. 1956 च्या ऑलिंपिकमध्ये त्याला सांघिक कांस्यपदक मिळाले. 1962 साली टूर द फ्रान्समध्ये आघाडीचा पिवळा सदरा घालणारा तो पहिला ब्रिटिश स्वार ठरला आणि 1965 मध्ये विश्वविजेता झाला. 1967 च्या शर्यतीत तो एकोणतीस वर्षांचा होता. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यातील कमाईची थोडीच वर्षे उरली आहेत, ही जाणीव त्याला होती. त्या वर्षी काही दिवस आधीपासून त्याचे पोट बिघडले होते, जुलाब होत होते. तरीही त्याने माघार घेतली नाही.

13 जुलैचा टप्पा मार्सेहून कारपांत्राला जाणारा, दोनशे किलोमीटरहून लांब. पारा चाळिसाच्या पुढे गेला होता. त्या काळी शर्यतीत पाणी घेण्यावर निर्बंध होते, आणि कमी पाणी पिणारा स्वार अधिक कणखर असा समजही रूढ होता. वाटेत त्याने ब्रँडी घेतल्याचे नंतर समजले. शाले रेनारच्या पुढे, या उघड्या दगडांच्या पट्ट्यात, त्याची सायकल रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झोकांड्या खाऊ लागली. तो पडला. त्याच्याच आग्रहावरून त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. काही शे मीटर गेल्यावर तो पुन्हा कोसळला. हँडलवर आवळलेली बोटे सोडवावी लागली. हेलिकॉप्टरने आव्हिन्योंच्या रुग्णालयात नेले, पण तेथे त्याला मृत घोषित करण्यात आले. सदऱ्याच्या खिशात ॲम्फेटामाइनच्या नळ्या सापडल्या, त्यांतील काही रिकाम्या होत्या. शवचिकित्सेत शरीरात ॲम्फेटामाइन आणि मद्य आढळले.

स्मारकाच्या पायऱ्यांवर लोक काही ना काही ठेवून जातात. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या, एक फाटका हातमोजा आणि सायकलची जुनी ट्यूब होती. त्याच्या मुलींनी पुढे लावलेली एक छोटी पाटीही आहे. वडील गेले तेव्हा त्या अगदी लहान होत्या.

थकवा गप्प करणारे औषध

ॲम्फेटामाइन शक्ती देते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. स्नायूंत नवे बळ उत्पन्न करणारे ते औषध नव्हे. ते मेंदूवर काम करते. थकव्याची, झोपेची, धोक्याची जी सूचना शरीर मेंदूकडे धाडते, ती त्याच्यामुळे ऐकू येईनाशी होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना जागे ठेवण्यासाठी ते वापरले गेले, ते याच गुणामुळे.

निरोगी माणसाचे शरीर तापले की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, आणि शेवटी पाय आपोआप मंदावतात. हे मंदावणे म्हणजे दुर्बलता नाही. आतील भट्टी फार तापली की यंत्र बंद करणारी ती कळ आहे. ॲम्फेटामाइन ही कळ अडकवून ठेवते. शिवाय शरीरातील उष्णता वाढवते आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करून ती बाहेर पडू देत नाही. त्यात जुलाबांनी आधीच पाणी कमी झालेले, त्यावर मद्य, वर चाळीस अंशांचे ऊन. सिम्प्सनच्या हृदयावर हे सारे एकाच दुपारी येऊन पडले. यांतील एखादी गोष्ट कमी असती तर तो कदाचित रस्त्याकडेला बसून राहिला असता आणि वाचला असता.

तो एकटाच असे करीत होता असे मात्र नाही. 1924 सालीच पेलिसिए बंधूंनी आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपल्या पिशव्या रिकाम्या करून डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि नाना गोळ्या दाखवल्या होत्या. 1966 मध्ये शर्यतीत प्रथमच लघवीची तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी स्वारांनी सायकलींवरून उतरून पायी चालत निषेध नोंदवला. सिम्प्सनच्या मृत्यूनंतर तपासणी नियमित झाली. 1968 च्या शर्यतीला संयोजकांनी 'आरोग्याची टूर' म्हटले आणि तिची सुरुवात व्हित्तेल या औषधी झऱ्यांच्या गावातून केली. नाव उत्तम होते. रोग त्याने बरा झाला नाही.

दोन प्रकारचे डॉक्टर

त्या स्मारकापाशी उभा असताना माझ्या मनात सिम्प्सनइतकाच एक डॉक्टर होता. पिएर द्युमा हे त्या काळी शर्यतीचे वैद्यकीय अधिकारी. 1955 साली याच व्हाँतूवर जाँ मालेजाक नावाचा स्वार बेशुद्ध पडला होता, तेव्हा द्युमांनीच त्याला शुद्धीवर आणले. या गोळ्यांमुळे एक दिवस कोणीतरी मरेल, असे ते पुढे वारंवार सांगत राहिले. बारा वर्षांनी त्याच डोंगरावर, त्याच रस्त्याकडेला, त्यांना सिम्प्सनच्या तोंडात श्वास फुंकावा लागला. नंतर त्यांनी दफनाच्या दाखल्यावर सही करण्यास नकार दिला आणि म्हणून शवचिकित्सा झाली. मृत्यूचे कारण 'ऊन लागले' एवढ्यावर मिटवणे सोपे होते. त्या दिवशी डॉक्टरने ते मिटू दिले नाही.

दुसऱ्या प्रकारचे डॉक्टर पुढील पिढीत आले. एरिथ्रोपोएटिन, ज्याला आपण 'ईपीओ' म्हणतो, हे संप्रेरक 1989 मध्ये औषध म्हणून उपलब्ध झाले. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते वरदान आहे. डायलिसिसवरील रुग्णाच्या घरात हे इंजेक्शन ठाऊक असते. त्याने तांबड्या पेशी वाढतात आणि वरचेवर रक्त चढवण्याची गरज कमी होते. परंतु रुग्णातही आम्ही हिमोग्लोबिन मुद्दाम 13 च्या वर नेत नाही, कारण रक्त दाट झाले की गुठळी आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जे औषध आजारी माणसात इतक्या सावधपणे मोजून द्यायचे, ते धडधाकट तरुणांना, त्यांचे रक्त आणखी दाट करण्यासाठी दिले गेले. आणि देणारे बहुधा पदवीधर होते. 1997 मध्ये रक्तातील पेशींचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर असेल तर स्वाराला थांबवण्याचा नियम झाला. नियम मर्यादेसाठी होता. अनेकांनी तो उद्दिष्टासारखा वापरला. 1998 मध्ये फेस्तिना संघाचा सहायक विली वूट मोटारभर औषधांसह सीमेवर पकडला गेला, तेव्हा हा व्यवहार किती पद्धतशीर होता हे जगाला कळले. पुढच्याच वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'वाडा', स्थापन झाली.

व्हाँतूने हाही काळ पाहिला. 13 जुलै 2000 रोजी, सिम्प्सनच्या बरोबर तेहतिसाव्या स्मृतिदिनी, मार्को पांतानी आणि लान्स आर्मस्ट्राँग खांद्याला खांदा लावून या स्मारकावरून पुढे गेले. पांतानी जिंकला. आदल्या वर्षी इटलीच्या शर्यतीत रक्ततपासणीवरून तो बाद झाला होता. 2004 साली, चौतिसाव्या वर्षी, एका हॉटेलच्या खोलीत कोकेनच्या अतिमात्रेने त्याचा अंत झाला. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे 2012 मध्ये काढून घेण्यात आली आणि 2013 च्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. त्याच्याशी जोडलेल्या डॉक्टर मिकेले फेरारी यांच्यावर आजन्म बंदी आली. 2002 मध्ये व्हाँतूवर जिंकलेला रिशार व्हिरांक हा फेस्तिना संघातलाच होता.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत एक गोष्ट रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी वेगळी काढून ठेवावी. 1996 मध्ये फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरलेला कर्करोग त्याला झाला होता आणि उपचारांनी तो बरा झाला, हे पूर्णपणे खरे आहे. शर्यती खोट्या ठरल्या. उपचार खोटे ठरले नाहीत. वृषणाचा कर्करोग पसरलेला असतानाही अनेकदा बरा होतो, हे त्याच्या नावावर अवलंबून नाही.

तहान नसली तरी पाणी

स्मारकापासून वर माथ्यावर गेलो. तेथे वारा इतका होता की मोटारीचे दार दोन्ही हातांनी धरावे लागले. उत्तरेला दूर आल्प्सची रांग, खाली द्राक्षमळ्यांचे चौकोन. अप्पा एका कठड्याला टेकून बसले. सकाळपासून त्यांनी एक कप कॉफीशिवाय काही घेतले नव्हते.

मी बाटली पुढे केली. "अप्पा, पाणी घ्या."

"तहान नाही हो, डॉक्टर. वाऱ्याने गार वाटतेय."

"तहान नसली तरी घ्या. सकाळी लघवीची गोळी घेतली आहे ना?"

"घेतलीय. म्हणून तर पाणी नको म्हणतो. इथे सोय कुठे शोधायची?"

सोय होती. ती दाखवल्यावर त्यांनी अर्धी बाटली संपवली. घरोघरच्या ज्येष्ठांचे हेच म्हणणे असते, म्हणून हा संवाद येथे दिला. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तरुण सिम्प्सनची सूचना गोळीने गप्प केली होती. म्हाताऱ्या शरीराची सूचना वयाने आपोआप हळू बोलू लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, ऊन-वारा असेल, आणि प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणी टाळले असेल, तर चक्कर, गोंधळलेपण आणि पडणे यांना वेळ लागत नाही. सोबत असणाऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये. दर तासाला काही घोट पाणी हातात द्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किती पाणी प्यावे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आपल्या घरातील डबा

फ्रान्समधील शर्यतीचा आपल्या घरातील औषधांच्या डब्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. लघवीची गोळी, इन्सुलिन, स्टेरॉइडच्या गोळ्या, ईपीओ, ही सारी नावे खेळाडूंच्या निषिद्ध औषधांच्या यादीत आहेत. दम्याच्या पंपातील साल्बुटामॉलला तेथे मात्रेची मर्यादा आहे. औषध तेच, एका घरात ते आजोबांना जगवते आणि दुसऱ्याकडे एखाद्या नातवाला स्पर्धेतून बाद करते. नातू किंवा नात अधिकृत स्पर्धांत खेळत असेल आणि त्याला दमा वा मधुमेह असेल, तर उपचार थांबवायचे नाहीत. उपचारासाठीच्या सवलतीची रीतसर परवानगी घ्यायची. आजोबांच्या डब्यातील गोळी मात्र त्याने केव्हाही घेऊ नये. व्यायामशाळेत मिळणारी बिनमाहितीची भुकटी तर नाहीच.

दुसरा संबंध अधिक खोल आहे. आमच्याकडे येणारे कितीतरी ज्येष्ठ म्हणतात, "डॉक्टर, लग्नाचे चार दिवस निभावतील असे काहीतरी द्या." कोणी ताकदीचे सलाईन मागतात. कोणी गुडघ्यांसाठी लेबल नसलेल्या पुड्या आणतात, ज्यांनी तीन दिवसांत चमत्कार होतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. म्हणून अशी पुडी चालू असेल तर ती फेकून देण्याआधी डॉक्टरांना दाखवावी. वेदनाशामक गोळ्याही रोज, स्वतःच्या मनाने घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर यांची हानी करतात.

दुखणे सोसावे, असे माझे म्हणणे नाही. वेदना कमी करणे हे वैद्यकाचे पहिले काम आहे. पण वेदना कमी करण्याआधी ती काय सांगते हे ऐकून घेतले पाहिजे. थकवा हा रक्तक्षयाचा, थायरॉइडचा, हृदयाचा किंवा नुसत्या एकटेपणाचा निरोप असू शकतो. निरोप वाचण्याआधी निरोप्याला हाकलून देऊ नये. 2008 पासून सायकलपटूंसाठी 'जैविक पारपत्र' आले आहे. त्यात एकाच तपासणीवर निर्णय होत नाही. स्वाराचे आजचे रक्त त्याच्याच जुन्या रक्ताशी ताडून पाहतात. आपल्या घरातील ज्येष्ठांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवले, तर तेच काम आपल्यासाठीही होते.

हे सर्व ठाऊक असूनही मी शर्यत का पाहतो, असे पत्नीने उतरताना विचारले. आज कोण स्वच्छ आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जिंकणाऱ्याकडे पाहताना मनात शंका येते, हे खरे. पण माणूस स्वतःच्या बळावर डोंगर चढतो, यात जे सुंदर आहे ते औषधांनी निर्माण केलेले नाही. त्या दिवशी जंगलातून वर येणाऱ्या साठीतल्या स्वारांना कोणी पदक देणार नव्हते. दम लागला की ते उतरत होते, सावलीत बसत होते, पाणी पिऊन पुन्हा निघत होते.

जाणार असाल तर

हिवाळ्यात माथ्याकडील रस्ता बर्फामुळे बंद असतो. मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ ज्येष्ठांसाठी सुखाचा. मोटार थेट वरपर्यंत जाते, त्यामुळे चालणे थोडेच. खाली उकडत असले तरी वर चांगलीच थंडी असते. वारारोधक जाकीट, कानटोपी आणि काळा चष्मा जवळ ठेवावा. रस्ता वळणांचा आहे, म्हणून निघण्यापूर्वी हलका आहार घ्यावा. पाणी बेद्वाँतच भरून घ्यावे. वर जाताना स्मारकापाशी थांबावे. पायऱ्या चढणे जमत नसेल तर रस्त्यावरूनही ते स्पष्ट दिसते.